बाराव्या वर्षाची हाडं

पहाटे पाचच्या सुमाराला धाराशिवहून तुळजापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलं की अंधारात आधी पावलांचा आवाज येतो, माणसं मागून दिसतात. भरतीची पोरं. पुढे शिट्टी फुंकणारा एखादा दादा, मागे धापा टाकत येणारे नवे भिडू. पोरीही असतात, वेण्या घट्ट बांधलेल्या, ओढणी कमरेला आवळलेली. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या पायात ताईचे जुने सँडल. मी बाजूला होऊन त्यांना वाट देते आणि ती अंधारात नाहीशी झाली तरी थोडा वेळ त्यांचा आवाज ऐकत उभी राहते.

धावणं कमावता येतं. गोळा चार महिन्यांच्या सरावाने लांब जायला लागतो. पण भरतीच्या मैदानावर एक पट्टी उभी असते आणि तिच्यापुढे मेहनतीचं काही चालत नाही. महाराष्ट्र पोलिसांत शिपाई व्हायचं तर मुलाची उंची १६५ सेंटिमीटर लागते, मुलीची १५५. १६४ वाला तिथूनच माघारी फिरतो. आमच्या मैदानावरच्या बारला असा एक जण रोज लटकलेला दिसतो. विशी ओलांडलेला असेल. लटकल्याने उंची वाढते असं त्याला कुणी सांगितलंय, आणि दुसऱ्या कुणी पावडरचा डबा विकलाय. थांबवून सांगावंसं वाटतं, की बाळा, तुझी हाडं दोन-तीन वर्षांपूर्वीच लांब व्हायची थांबली आहेत. सांगत नाही. डबा अर्धा संपलेला असतो.

लांब हाडाच्या टोकाशी कूर्चेचा एक पातळ थर असतो, डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथे पेशींवर पेशी रचल्या जातात, मागच्या पेशींच्या जागी हाड बसत जातं आणि टोक पुढे सरकतं. वयात येताना शरीरात इस्ट्रोजेन वाढतं, मुलांच्याही. हेच संप्रेरक आधी उंचीला वेग देतं आणि शेवटी तो थर कायमचा बुजवून टाकतं. मुलींमध्ये साधारण १४ ते १६ व्या वर्षी, मुलांमध्ये १६ ते १८ व्या. लहान मुलाच्या एक्स-रेत हाडाच्या टोकाजवळ जी काळी फट दिसते, ती त्यानंतर दिसत नाही. ती भरली की संपलं; मग बार, पावडर, नवस, कशानेही ती उघडत नाही.

म्हणजे पट्टीपुढे उभं राहण्याच्या आधी सहा-सात वर्षं निकाल लागत असतो. आणि तो लागत असताना घरात कुणाचं तिकडे लक्ष नसतं.

वाढीचं वर्ष घरात येतं तेव्हा त्याची तारीख कुणी लिहून ठेवत नाही. जूनमध्ये शिवलेली सलवार दिवाळीला घोट्याच्या वर गेलेली असते. चपला त्याच्याही आधी आखूड होतात, कारण पावलं सगळ्यांत पुढे पळतात, मग पाय, हात, आणि धड सर्वांत शेवटी. म्हणून या वयातली पोरं काही महिने नुसती हातापायांची दिसतात. कपबशी फुटते, उंबऱ्याची ठेच लागते, आई म्हणते, ‘लक्ष कुठाय तुझं?’ लक्ष जागेवरच असतं. पाय कालच्यापेक्षा पुढे गेलेला असतो. ऐन भरात मुली वर्षाला साधारण ८ सेंटिमीटर वाढतात, मुलगे ९-१०. मुलींचा हा भर बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांचा चौदाव्या. पाळी सुरू होते तोवर मुलीची बहुतेक उंची गाठून झालेली असते. पुढे मिळाले तर पाच-सात सेंटिमीटर.

आमच्या घरी वाढणाऱ्या पोरीला उफाड्याची म्हणायचे. म्हणणाऱ्याच्या आवाजात कौतुक थोडं आणि काळजी फार.

रात्री पोटऱ्या दुखायच्या. अंगणात बाजेवर पडलं, दिवसभराचं पळणं अंगातून उतरलं की दोन्ही पाय आतून ओढ घ्यायचे. ‘आज्जे, पाय दुखायलेत.’ आजी अंधारातच उठायची, करडईचं तेल कोमट करून आणायची. ‘वाढायलीस माय, दुखणारच.’ तिच्या अंगठ्याला घट्टे होते, पोटरीवरून तो फिरला की आधी खरखर लागायची आणि मग झोप. या दुखण्याला वैद्यकशास्त्रही वाढीचं दुखणंच म्हणतं. गंमत अशी की त्याचा उंचीशी थेट संबंध काही सापडलेला नाही. दोन्ही पायांना, संध्याकाळी-रात्री, आणि सकाळी पोरगं पुन्हा उड्या मारतंय, अशी त्याची रीत. एकाच पायाला, एकाच जागी, दिवसाही दुखत असेल, पोरगं लंगडत असेल, तर मात्र तेलावर भागवू नये, डॉक्टर गाठावा.

आता हाडाच्या आतली गोष्ट. ही गोष्ट मला आमच्या तेरच्या कुंभारामुळे कळली असं म्हटलं तरी चालेल. गोरोबाकाकांची कथा इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. संत जमलेले, आणि काका मडकं घडवायचं थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून बघतात, कोण भाजलेलं, कोण कच्चं. नामदेव कुरकुरतात आणि कच्चे ठरतात. मुद्दा असा, की कच्चं मडकं दिसायला पुऱ्या मडक्याएवढंच असतं. आकार आधी येतो, भाजणं मागून. हाडाचंही तसंच. आधी कोलॅजेनचा सांगाडा उभा राहतो, त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचे स्फटिक नंतर भरले जातात. उंचीच्या घाईच्या काळात सांगाडा पुढे पळतो आणि भराव सहा महिने ते वर्षभर मागे राहतो. पोरगी आईच्या खांद्याला लागलेली असते, आत हाड अजून कच्चं असतं. खेळताना पडून मनगटाशी हात मोडण्याचं प्रमाण याच वयात जास्त का, याचं एक उत्तर इथे आहे. कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये संशोधकांनी शाळकरी मुलांची हाडं वर्षानुवर्षं मोजली, तेव्हा दिसलं की भराव सर्वांत जोरात असतो त्या अवघ्या दोन वर्षांत मोठेपणीच्या हाडातल्या खनिजाचा सुमारे चौथा हिस्सा बसतो. मुलींमध्ये ही दोन वर्षं साडेबाराच्या आगेमागे येतात, मुलांमध्ये चौदाच्या. म्हणजे सहावी-सातवी-आठवी. ज्या इयत्तांना आपण कसलंच महत्त्व देत नाही, त्या.

माझी आत्या १९७२ ला बारा वर्षांची होती.

त्या वर्षाबद्दल इकडे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की पुरे. आत्या खडीच्या कामावर आईबरोबर जायची, मातीच्या पाट्या उचलायची, दुपारी सुकडी मिळायची ती ओंजळीत घेऊन खायची. रेशनला लाल मिलो ज्वारी. गुरं आधीच गेलेली, त्यामुळे दूध-ताक हा विषयच नव्हता. ‘सुकडी गोड लागायची ग,’ एवढंच ती आजही सांगते, तक्रार नाही. उंचीने ती आमच्या घरात सर्वांत बुटकी राहिली. पन्नाशीनंतर पाठ वाकायला लागली, आणि परवा परवा न्हाणीत पाय घसरला, पडली काय, बसलीच खरं तर, आणि खुबा मोडला. एवढ्या हलक्या पडण्याने.

एका बाईच्या मोडलेल्या खुब्यावरून दुष्काळाचा हिशेब मांडता येत नाही, हे मला कळतं. पाळी गेल्यावर बायकांची हाडं झिजतातच. बाळंतपणं, काम, ऊन न लागणं, सगळ्याचा त्यात वाटा. पण झीज कुठून सुरू होते हे तर बघावं लागेल. विशी-पंचविशीपर्यंत हाडात जेवढं भरलं तेवढंच. त्यानंतर राखायचं किंवा गमवायचं. बहात्तरला बारा-तेरा वर्षांच्या असलेल्या पोरी आता पासष्टी ओलांडून बसल्या आहेत. गावोगाव ओट्यांवर, काठी टेकून, कमरेत वाकलेल्या. त्यांच्याकडे बघताना मला म्हातारपण आठवत नाही, त्यांची सहावी-सातवी आठवते, जी बहुतेकींनी पाहिलीच नाही.

पण आता काही बहात्तर नाही. आता दूध आहे. भूम, वाशी, परंड्याकडे जा, बालाघाटाच्या त्या उघड्याबोडक्या माळांवर पीक कमी आणि दूध जास्त. पहाटे मोटारसायकलला दोन्हीकडे कॅन लावून पोरं निघतात, काही दूध डेअरीला, काही खव्याच्या भट्टीवर. कुंथलगिरीचा खवा आणि पेढा तर दूरदूर जातो. भट्टीपाशी उभं राहून बघावं: मोठी कढई, सतत फिरणारा उलथणा, धूर आणि गोड वास, आणि पाचेक लिटर दुधाचा उरलेला किलोभर गोळा. तो पुण्याला जातो, सोलापूरला जातो, सणाला जातो. ज्या घरातून ते दूध निघालं त्या घरात चहाची वेळ झाली की पोरगी कोरा चहा आणि बिस्किटाचा पुडा घेऊन बसलेली दिसते. मी हे एका घरात नाही, अनेक घरांत पाहिलंय. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, त्यावर पेंड, शाळेची फी, बचत गटाचा हप्ता चालतो. दूध पिऊन टाकणं ही चैन वाटते, आणि केलीच तर ती पोराच्या वाट्याला येते. बापाला दोष देणं सोपं आहे. पण आजच्या आज लागणारे शंभर रुपये आणि पन्नास वर्षांनी न मोडणारा खुबा, यांची तुलना कोण करणार?

आकडे सांगते, थोडेच. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये जे प्रमाण ठरवलं, त्यानुसार १० ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, १३ ते १५ मध्ये १००० आणि १६ ते १८ मध्ये १०५०. आपली ज्वारीची भाकरी, जिच्यावर आपण वाढलो आणि जिच्याबद्दल मी एक वाकडा शब्द ऐकून घेणार नाही, ती इथे मात्र कमी पडते. १०० ग्रॅम ज्वारीत जेमतेम २५-३० मिलिग्रॅम. नाचणीत त्याच्या दहापटीहून जास्त असतं, पण नाचणी कोकणाची, घाटमाथ्याची. आपल्या काळ्या रानात ती कुणी फारशी पेरत नाही. मग आपल्याकडे काय आहे? भाकरीच्या शेजारी बघा. तीळ: १०० ग्रॅमला हजारावर. काराळं, हुलगा, राजगिरा, शेवग्याचा पाला, कोवळी हरभऱ्याची भाजी. आणि ताक. जुन्या बायकांनी भाकरीशेजारी काराळ्याची चटणी उगीच ठेवली नव्हती असं म्हणायचा मोह होतो, पण त्यांनी ती चवीसाठी आणि परवडते म्हणून ठेवली होती. हाडांचं काम त्यात आपोआप होत होतं. आता चटणीच्या जागी पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट आलंय आणि ते काम थांबलंय.

येळवशीला शेतात गेलं की मला हे सगळं एकाच जागी सापडतं. वेळ अमावस्या म्हणा, लातूर-धाराशिवकडचा आमचा सर्वांत लाडका सण. त्या दिवशी शहर ओस पडतं, सगळी माणसं रानात. कडब्याची कोप, तिच्यात लक्ष्मी मांडलेली, आणि मडक्यातली आंबील. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून आंबवलेली, थंड, लसणाच्या वासाची. भज्जीत रानातलं हिरवं जेवढं सापडेल तेवढं, तुरीचे कोवळे दाणे, हरभरा, पालेभाज्या, बेसन. उंडे. खीर. डिसेंबरचं ऊन पाठीवर, पोटात ताक आणि पाला, आणि चुलत-मावस अशी पंचवीस पोरं ज्वारीच्या धांड्यांतून दिवस मावळेपर्यंत पळतायत. एखाद्या डॉक्टरला वाढत्या वयाचा दिवस आखून द्यायला सांगितला तर तो यापेक्षा वेगळं काय लिहील? फक्त हा दिवस वर्षातून एकदा येतो.

ताटातलं हाडात कसं उतरतं, हे मोजूनही पाहिलंय. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून एक अभ्यास चालू आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांच्या जेवणापासून सुरुवात केली आणि पुढे त्यांच्या मुलांना वाढताना मोजत राहिले. मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या हाडांचं खनिज मोजलं. २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ज्या आयांनी गरोदरपणात दूध, डाळी, पालेभाज्या, फळं असे कॅल्शियम असलेले पदार्थ अधिक वेळा खाल्ले होते, त्यांच्या मुलांची हाडं अधिक भरलेली निघाली. म्हणजे आईच्या ताटातली गोष्ट तिच्यापाशी संपत नाही, तिच्या लेकरांत उतरते. पुण्याच्याच जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेतल्या डॉ. अनुराधा खाडिलकरांच्या गटाने तर गरीब घरांतल्या लहानग्यांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घातलेले लाडू देऊन पाहिले. मला तो लाडू फार आवडला. औषधाने आपल्या घरातलं रूप घेतलं की ते पोटात जातं.

उन्हाबद्दल मात्र बोलायची लाज वाटते. अठरा अंश अक्षांशावरचा आपला जिल्हा, ऊन इतकं की माणूस सावलीला पैसे देईल, आणि तरी आपल्या देशात झालेल्या तपासण्यांत मुलांमध्ये ड जीवनसत्त्व कमी निघतं ते निघतंच. ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट जात नाही. हे जीवनसत्त्व कातडीत तयार होतं, दुपारच्या उन्हात जास्त, आणि त्या वेळी पोरं वर्गात असतात. संध्याकाळी शिकवणी. मुलींचं आणखी एक: काळी पडशील म्हणून तोंडाला स्कार्फ, हातांना मोजे, स्कूटीवर बसल्या की नुसते डोळे दिसतात.

आणि खेळ. हाडाला धक्का लागतो. उडी, अचानक वळणं, जमिनीवर आदळणं, यातून हाडातल्या पेशींना निरोप जातो की इथे भर घाला. फिनलंडमध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या बायकांचे दोन्ही हात मोजले, तर रॅकेटचा हात अधिक भक्कम निघाला. आणि ज्यांनी पाळी येण्यापूर्वी किंवा त्याच सुमाराला खेळ सुरू केला त्यांना हा फायदा उशिरा सुरू करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट होता. आमच्याकडे टेनिस कुठलं? आमच्याकडे खो-खो आहे. दोन खांब, चुन्याच्या रेघा, बस. उकिडवं बसलेलं अंग ‘खो’ ऐकताच बाणासारखं सुटतं, खांबाला हात घालून गर्रकन वळतं, मातीवर सूर मारतं. याच मातीतली सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोला बावीस वर्षांनी मिळालेला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला, त्या संघातही धाराशिवची अश्विनी शिंदे होती. सारिकाने स्वतः सांगितलंय की कित्येक वर्षं घरात दिवसाला एकच वेळचं जेवण असायचं. तिच्या जिद्दीचं कौतुक सगळ्यांनी केलं. मी त्या वाक्यापाशी थांबते. धावणाऱ्या, वाढणाऱ्या पोरीला एक वेळचं जेवण, ही कौतुकाची गोष्ट नाही. ती जिंकली म्हणून आपल्याला कळली.

बाकीच्या तर मैदानापर्यंत पोचतच नाहीत. पाळी आली की ‘आता मोठी झालीस’ आणि उड्या बंद. सायकल बंद. गच्चीवर जाणं बंद. हाडं ज्या दोन वर्षांत सर्वांत जास्त मागतात, नेमक्या त्या वर्षांत आपण पोरीला उन्हातून, खेळातून आणि बऱ्याचदा दुधातूनही आत ओढून घेतो. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन आईबाप ऊसतोडीला निघाले तर ती एक तर त्यांच्याबरोबर फडात जाते, नाही तर मागे राहून भावंडांचं आणि म्हाताऱ्यांचं करते. पोरीला एकटं कुठे ठेवायचं म्हणून लवकर उजवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि मराठवाड्याचे जिल्हे या यादीत वरच्या बाजूला आहेत. सोळाव्या वर्षी दिवस गेले तर पोटातल्या बाळाला लागणारं कॅल्शियम अशा हाडांतून द्यावं लागतं, ज्यांचा स्वतःचाच भराव पुरा झालेला नाही.

सरकारी व्यवस्थेत एक गोष्ट मला सतत टोचते. शाळेत आणि अंगणवाडीत वाढत्या वयाच्या मुलींना आठवड्याला निळी गोळी मिळते, ती लोहाची. चांगलीच आहे, घ्यावी. कॅल्शियमची गोळीही सरकार देतं, ड जीवनसत्त्वासकट, दिवसाला दोन. ती मिळते गरोदरपणाच्या चौदाव्या आठवड्यापासून. म्हणजे पोरगी आई व्हायला निघाली की तिची हाडं कुणाच्या तरी हिशेबात येतात, त्याआधी नाहीत.

पोरीची हाडं आपल्या हिशेबात आणायला नवा कायदा लागत नाही. घरात सहावी-सातवी-आठवीतली मुलगी असेल तर सकाळी कॅनचं झाकण लावण्याआधी अर्धा लिटर काढून ठेवा, तिच्यासाठी, तिच्या भावाच्या बरोबरीने. भाकरीवर तिळाची नाही तर काराळ्याची चटणी असू द्या. आणि पाळी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिला मैदानावर परत पाठवा. शेजारणी काय म्हणतील ते म्हणू द्या.